सबवूफरचा स्विच

माझ्या फोनचा पासवर्ड बायकोला माहीत आहे, बँकेचा माहीत आहे, रक्ताच्या रिपोर्टमधली माझी साखर तर माझ्याआधी तिला कळते. हे मात्र तिलाही माहीत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — आणि आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही म्हणून. म्हणजे बघा, कबूल करतानाही मी आधी स्वतःची सोय पाहिली.

खोलीपासून सुरुवात करतो. खोलीबद्दल बोलायला मला कधीही आवडतं.

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली जुनी बिल्डिंग होती. ती पाडून टॉवर झाला आणि आम्हा जुन्या भाडेकरूंना त्यातच घरं मिळाली. मला आठवा मजला आला, आणि त्यात एक जास्तीची खोली. मुलगी लग्न होऊन गेलेली. त्या खोलीचं मी होम थिएटर करायचं ठरवलं. लहानपणी दुसऱ्याच्या दारात उभं राहून टीव्ही बघितलेला माणूस मी — नाही, हे नको. हे ऐकलं की तुम्हाला माझी दया येईल. लाखो पोरांनी दारात उभं राहून टीव्ही बघितला, त्यांनी काही असलं केलं नाही.

भिंतींवर आवाज शोषणारी पॅनल बसवायला नाईक म्हणून कारागीर आला, कांदिवलीचा. कमी बोलणारा, कामात चोख. त्याने मला सोफ्यावर बसवलं आणि एक आरसा भिंतीवरून हळूहळू सरकवत नेला. आरशात स्पीकर दिसला की म्हणायचा, "सांगा." तिथे पेन्सिलची खूण. आवाज भिंतीवर आपटून जिथून माझ्याकडे येतो ती जागा ती. तिथे लाकडी चौकट, आत दाबून भरलेली रॉकवूल, म्हणजे दगडाची लोकर, वर मरून कापड. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड खांब — बास ट्रॅप. बास, म्हणजे खालच्या पट्टीचा घुमारा, कोपऱ्यात साचतो, तो तिथे शोषला जातो. चार दिवस माझ्या अंगाला रॉकवूलची खाज सुटत होती आणि मी नवरदेवासारखा खूश होतो. शेवटी नाईकने मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आधी खोली रिकाम्या डब्यासारखी वाजायची. आता टाळी वाजली आणि तिथेच संपली.

जाता जाता तो न विचारता म्हणाला, "साहेब, एक सांगून ठेवतो. हे सगळं आतल्या आवाजासाठी. बाहेर जाणारा नाही थांबत याने. लोकांना वाटतं थांबतो. बास तर सरळ स्लॅबमधून खाली उतरणार. खाली कोण राहतं?"

"घरचेच आहेत," मी म्हणालो.

म्हणजे मला माहीत होतं. अंदाज नव्हता, शंका नव्हती — माहीत होतं. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे मी असा काही वागणार आहे, की तुम्हाला वाटेल याला कुणी सांगितलंच नसावं.

खाली राहायची निर्मलामावशी. सख्खी नव्हे, पण जुन्या बिल्डिंगमध्येही ती आमच्या खालीच होती, मला कडेवर घेतलेली. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. नुसतं 'हॅलो' ऐकून माणूस ओळखायची. जिन्यात पाऊल वाजलं की आतूनच नाव घ्यायची, आणि आम्ही पोरं मुद्दाम पाय ओढत चढायचो, तरी फसायची नाही. कानांचा तिला गर्व होता, आणि तो रास्त होता. मी बारावीला असताना तिने महिनाभर टीव्ही आवाज बंद करून बघितला. वर संजू अभ्यास करतोय ना.

रविवारी दुपारी माझ्याकडे ऑफिसातले दोघं-तिघं जमायचे. मारामारीचे पिक्चर. गोळी सुटली की छातीत दणका बसला पाहिजे, नाहीतर एवढा खर्च कशाला? आणि गंमत अशी, की ट्रॅप लावल्यावर आत बास इतका स्वच्छ लागतो, की माणूस आणखी वाढवतो. मी वाढवला.

एकदा मावशी वर आली. "संजू, तुझ्याकडे काही घुमतंय का रे? दुपारची माझ्या मांडणीवरची वाटी थरथरते."

तेव्हाच सांगायचं होतं. 'हो मावशी, कमी करतो' — किती शब्द झाले? त्याऐवजी मी तिला आत नेलं, सोफ्यावर बसवलं, नाईकसारखी टाळी वाजवली. म्हणालो, बघ, आवाज इथेच विरतो, कोपऱ्यातले हे खांब बास धरून ठेवतात, खाली काय येणार? तिने कापडावरून हात फिरवला. "झकास केलंस रे," म्हणाली आणि गेली. टाळीने ती फसली. पाय ओढून कधी न फसलेली बाई.

पुढे ती आणखी तीनदा आली. मग तिने सोसायटीला पत्र दिलं. रेघांच्या कागदावर, तिच्या सुबक अक्षरात — तारीख, वेळ, किती मिनिटं. मी ते वाचलं आहे. एकही वेळ चुकलेली नव्हती. आणि मला काय झालं असेल सांगा? लाज? छे. राग आला. माझ्याविरुद्ध लेखी! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्या, पॅनलच्या फोटोंसकट. एवढं करूनही कुणाला त्रास होत असेल तर येऊन तपासा, असं लिहिलं. पंधरा अंगठे आले.

तपासायचं ठरलं. रविवार, दुपारचे चार. सेक्रेटरी परबकाका आणि कमिटीचे दोघं मावशीच्या घरात बसणार, मी वर तोच पिक्चर त्याच आवाजात लावणार.

आता येतंय ते. इतका वेळ मी आरसा काय, रॉकवूल काय, सांगत बसलो ते हे लांबवायला.

सबवूफर म्हणजे फक्त बास वाजवणारा डबा. काळा, गुडघ्याएवढा, कोपऱ्यात ठेवलेला. मागे स्विच, पुढे निळा दिवा. चारला पाच कमी असताना मी गुडघ्यांवर बसलो, हात मागे घातला आणि स्विच बंद केला. दिवा विझला. मग बाकीचे स्पीकर पूर्ण सोडले. परबकाकांचा फोन आला, "लावलंस काय रे?" "केव्हाच, काका! फुल आहे." फोन स्पीकरला लावून ऐकवलासुद्धा. त्यांना कानठळ्या बसल्या. स्लॅबमधून उतरणारा बासच बंद, त्यामुळे वाटी हलवेल असं खाली काही पोचलं नाही.

काकांनी नंतर हसत सांगितलं — मावशीने ती वाटी मांडणीच्या कडेला आणून ठेवली होती आणि पाच मिनिटं तिच्याकडे एकटक बघत होती.

तपासणी संपली होती. मी खाली गेलो नसतो तरी चाललं असतं. पण मी गेलो. मला मोठेपणाही हवा होता. सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणालो, "मावशी, वय झालं की कानात असं घुमतं गं. आमच्या आजीला पण व्हायचं. एकदा दाखवून घे." माझी आजी माझ्या जन्माआधी गेली. तिच्या कानात काय व्हायचं, देव जाणे.

मावशी एवढंच म्हणाली, "वाटी हलायची रे."

"ट्रक जात असेल गो रस्त्यावरून," परबकाका म्हणाले, आणि सगळे चहा प्यायला बसले. चहा तिनेच केला होता. मी दोन कप प्यायलो.

तिचा मुलगा प्रकाश कांदिवलीला असतो. तो धावत आला, तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. कान ठणठणीत निघाले. मला घाम फुटला — आता उघडं पडणार! कसलं काय. कान चांगले आणि तरी ऐकू येतं, म्हणजे डोक्यात काहीतरी. दुसरा डॉक्टर झाला. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सुरू झाली. मावशी दुपारभर झोपायला लागली, बोलताना मधेच थांबायला लागली. लिफ्टमध्ये भेटली की विचारायची, "आत्ता बेल वाजली का रे कुणाची?" दारावरची बेल तीनदा वाजल्याशिवाय ती उघडायची नाही. पहिल्या दोन खऱ्या की नाहीत याची तिला खात्री नसायची.

आणि मी? दोन रविवार आवाज कमी ठेवला. तिसऱ्या रविवारी परत होता तिथे. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी म्हणतात. मला जनाची होती, तेवढीच होती, आणि जन तर माझ्या बाजूला होते.

एका रविवारी ती ओल्या नारळाच्या वड्या घेऊन वर आली. आत मित्र बसलेले, पिक्चर मधेच थांबवलेला. दारातच म्हणाली, "तुला उगाच बदनाम केलं रे सोसायटीत. घुमतं अजून, पण डॉक्टर म्हणतात, लक्ष नाही द्यायचं." मी डबा घेतला. आत जाऊन आम्ही वड्या खाल्ल्या, आणि मी पिक्चर पुढे चालू केला. तिची पावलं जिन्यात असतानाच. ती वडीची चव आठवली की आजही मला ओकारी येते. येऊ दे. आलीच पाहिजे.

शेवटी प्रकाशने तिला एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं. सामान गेलं त्या दिवशी मी मदतीला होतो, असल्या वेळी मी पुढेच असतो. प्रकाश गाडी काढायला गेला. लिफ्टपाशी आम्ही दोघंच. तिने माझं मनगट धरलं.

"संजू, तू माझ्याशी खोटं नाही बोलणार. काही वाजत होतं का रे?"

कुणी ऐकत नव्हतं. परब नाही, मित्र नाहीत, बायको नाही. एक 'हो' म्हणालो असतो तर तिचे कान तिला परत मिळाले असते.

"नाही गं मावशी," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि माझं मनगट सोडलं.

दिवाळीत प्रकाशचा फोन आला होता. त्याचं घर सर्वात वरच्या मजल्यावर, डोक्यावर फक्त गच्ची. म्हणाला, आईचं घुमणं पूर्ण थांबलं. गोळी लागू पडली, डॉक्टर म्हणतात बंद करू नका. म्हणाला, दादा, कान दाखवा असं पहिल्यांदा तुम्हीच सुचवलंत, थँक्यू. मी म्हणालो, अरे त्यात काय.

त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. आत्ताही आहे, हे लिहिताना हाताशी आहे. मी फोन केलेला नाही.

खाली आता भाडेकरू आहेत. परवाच्या रविवारी मी पिक्चर लावला, सबवूफर चालू होता. मावशीची दुसरी गोळी संध्याकाळी सहाची असते. पिक्चर सव्वासहाला संपला.