आतोबांचा स्लो कॉम्प्युटर

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून आमच्या आतोबांइतका घाईचा माणूस झाला नाही, आणि कॉम्प्युटर स्लो करून द्या म्हणून दुकानदाराच्या हातापाया पडणाराही दुसरा कोणी झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. शेणव्याला त्यांची भाताची गिरणी. पानात आमटी वाढेपर्यंत त्यांचा भात संपलेला असे. मुरबाडला एका लग्नात त्यांनी तिसऱ्या मंगलाष्टकालाच अक्षतांची अख्खी मूठ नवरदेवाच्या डोक्यावर रिकामी केली आणि भटजींना म्हणाले, "आता उरका, पंगत थंड होते." भटजींनी घाबरून उरलेली अष्टकं गाळली. त्या जोडप्याचा संसार सुखाचा झाला, याचं श्रेय आतोबा आजही स्वतःकडे घेतात.

आत्या त्यांच्या अगदी उलट, निवांत. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला आणि त्यातल्या एका गेमचा आत्याला नाद लागला. वरून फळं पडायची, खालची टोपली बटणांनी सरकवून ती झेलायची. होती सफरचंदं, आत्या त्यांना आंबे म्हणे. मग तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. बोटं हलवत ठेवा, नाहीतर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. दाबायला दिलेला रबरी चेंडू आत्याने कुत्र्याला देऊन टाकला. "माजा आंब्यांचा गेम द्या," एवढंच तिचं म्हणणं. जुना कॉम्प्युटर तर नुकताच जळाला होता. आतोबांनी तडक कल्याणहून नवाकोरा आणला, मुलाच्या जुन्या सीडीवरून त्यात गेम घातला, सुरू केला, आणि खेळ खलास! जुन्या यंत्राच्या चालीवर बेतलेला तो गेम नव्या प्रोसेसरवर असा उधळला की आत्याचं बोट बटणावर टेकायच्या आत सगळे आंबे जमिनीवर.

आतोबा शहापूरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काका, लोक फास्ट करून मागतात."

"लोकांचं लोक बघतील. तुमी मला स्लो करून द्या."

दुकानदार बघतो म्हणाला. पण आतोबांना धीर कुठला! त्यांनी गिरणीचं शास्त्र कामाला लावलं. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज उतरलं की गिरणीची मोटर रडतखडत चालते, तसा कॉम्प्युटरही चालेल, म्हणून त्यांनी स्टॅबिलायझर काढला आणि दिवे मंद व्हायची वाट बघत बसले. दिवे मंद झाले. कॉम्प्युटर मंद न होता सरळ बंदच पडला. मग मोटरवर टाकतात तसा कॉम्प्युटरवर लोड टाकायचं ठरलं. एकाच वेळी भजनं लावली, मुलाच्या लग्नाची सीडी लावली, व्हायरस शोधायला लावला आणि मागून गेम सुरू केला. आंबे हवेतच थबकले आणि थोड्या वेळाने सगळे एकदम कोसळले. "हे आंबे नाय, गारा हायेत," म्हणून आत्या तोंड फिरवून झोपली. आतोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटी दुकानदारानेच एका मासिकाच्या सीडीवरून प्रोसेसरला लगाम घालणारा छोटासा प्रोग्रॅम काढून दिला. आतोबा आत्याशेजारी बसले आणि भाताचा दाणा फुटू नये म्हणून गिरणी लावावी तसा वेग उतरवत गेले. आंबा रमतगमत खाली येऊ लागला. आत्याचं बोट थरथरलं, टोपली हलली, आंबा चुकला. "सावकाश गो," आतोबा म्हणाले, "घाई नाय." हे शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकले.

हात बराच सुधारला. आत्या स्वतःहून "अवो, जरा फास्ट करा ना," म्हणू लागली आणि आतोबा गावभर तिचा वेग सांगत फिरू लागले. पुढे आत्याचं वय झालं तसा तो पुन्हा उतरवावा लागला. तिला न सांगता, ती चहा घेत असताना ते थोडाथोडा उतरवत. एकदा तिला शंका आली. "तुमी स्लो केलाय ना?"

"नाय गो. मशीनच म्हातारी झाली."

मागच्या खेपेला गेलो तेव्हा दोघं तशीच पडद्यासमोर बसली होती. एक आंबा वरून निघाला होता, इतका हळू की माझाच जीव कासावीस झाला. आतोबा मात्र हात मांडीवर ठेवून तो खाली यायची वाट बघत होते.