कुंभकोणमची पहिली फिटर बॅच

कानशीखाली लोखंडाचा चुरा पडतो. रोज झाडा, रोज पडतो. वर्कशॉपमधल्या किश्श्यांचंही तसंच! चुरा निदान भंगारवाला नेतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. कुंभकोणमात फिटरचा वर्ग निघाला, मास्तर मी, मुलं बारा. मद्रासहून पत्र आलं, निम्मी मुलं पास झाली नाहीत तर वर्ग बंद. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

*

सेतुराम राव आमच्यासारख्याच तंजावरी मराठी घरातला. कानशीची इंग्रजी व्याख्या एका दमात, डोळे मिटून म्हणायचा. मी खूश. हातात कानस दिली, म्हटलं चालव. त्याने ती टाकासारखी धरली आणि नम्रपणे विचारलं, "कुठल्या पानावर आहे, सार?"

*

मग साक्कोट्टैहून सेतुरामचे वडील बैलगाडीत खुर्ची घालून आले. "लेकरूं दिवसभर उभं राहतंय म्हणे." मी अर्धा तास समजावलं की कानस चालवायला सगळ्या अंगाचा जोर लागतो, बसून जमत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"असूं दे," म्हणाले. "पास झाल्यावर बसेल." खुर्ची ठेवून गेले.

*

सोमवारी वर्ग आठला सुरू. पण नऊपर्यंत राहुकाळ, नवं काम कुणी हातात घेईना. मी ओरडलो, रिकामे बसू नका. नऊला येऊन बघतो तर बाराही जणांनी आदल्या आठवड्यातले पूर्ण झालेले तुकडे घासून घासून वाया घालवलेले. आणि वर मलाच सांगतात, नवं कुठे, जुनंच करत होतो!

*

परीक्षा विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी होती. आदल्या दिवशी आयुधपूजेला मांडलेली हत्यारं उचलली, पुसली, जागेवर लावली. मोजायला व्हर्नियर कॅलिपर वर्गात एकच. मोजण्याआधी त्याचे जबडे मिटून शून्य बघा, हे मी शंभरदा सांगितलं होतं. कुणी बघितलं नाही. खरं सांगतो, मीही नाही.

पोन्नुसामी पितळी भांडी घडवणाऱ्या घरातला. ॲल्युमिनियमने घरचा धंदा बुडवला, म्हणून रेल्वेच्या नोकरीसाठी त्याला सर्टिफिकेट हवं होतं. तो कॅलिपरला हात लावायचा नाही. तुकड्यावर अंगठा फिरवायचा आणि माप बरोबर यायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मद्रासचे परीक्षक आले. स्वतःची पेटी न उघडता त्यांनी आमचाच कॅलिपर मागितला. मुलांनी त्याच कॅलिपरने मापून घासलेले अकरा तुकडे मोजले, अकराही बरोबर. सेतुरामचासुद्धा! पोन्नुसामीचा तेवढा केसभर जाड निघाला.

"अंगठ्याने फिटर होता येत नाही," परीक्षक म्हणाले. सुधारायला त्याला दहा मिनिटं दिली आणि कॉफी प्यायला गेले.

पोन्नुसामीने कॅलिपर उचलला, उजेडात धरला. जबड्यांच्या आत नख फिरवलं आणि नख मला दाखवलं. पूजेचं चंदन, वाळून घट्ट बसलेलं; कॅलिपर सगळंच केसभर जाड दाखवत होता. आता बोलावं तर अकरा नापास आणि वर्ग बंद. न बोलावं तर हा एकटा जातो, तोही बरोबर असून.

मी गप्पच राहिलो. त्याची आजही लाज वाटते.

पोन्नुसामीने उरलेल्या चंदनाला हात लावला नाही. तुकडा शिकंज्यात पकडला आणि कानस घेतली. थोडं घासायचा, कॅलिपर लावून बघायचा, पुन्हा घासायचा. मग तुकडा माझ्यासमोर ठेवला.

"घ्या सार, आता सगळ्यांइतकाच चुकलाय."