मावशीचं नाव यादीत नव्हतं

महाप्याच्या ज्या कंपनीत मी अ‍ॅडमिनचं काम बघते, तिथे वर्षातून एकदा सगळ्यांची आरोग्य तपासणी असते. दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोल्या दोन दिवस रिकाम्या करायच्या, पडदे लावायचे, आणि कोणी कधी उपाशीपोटी यायचं त्याची यादी दारावर चिकटवायची. यादी मीच करते.

त्या वर्षी यादी चिकटवत होते तेव्हा आमच्या मजल्याची साफसफाई करणारी मावशी मागे येऊन उभी राहिली. ती जवळच्या पावणे गावचीच, मूळची. सासरची शेती तिच्या लग्नाआधीच कारखान्यांखाली गेलेली. नवरा वारला होता, एकुलती एक मुलगी उरणला दिली होती. दिराच्या घरामागच्या खोलीत ती एकटी राहायची. वय पन्नाशीच्या पुढे. कमी बोलायची, पण माझी पाण्याची बाटली मी जागेवर येण्याआधी भरून ठेवायची.

"ताई, यात आमचं पन नाव हाय का?"

"तुमचं कॉन्ट्रॅक्टरकडे असतं, मावशी. तो करेल."

कॉन्ट्रॅक्टर असलं काही करत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी कधी विचारलंच नव्हतं. तिने मान हलवली आणि बादली उचलून गेली.

माझी तपासणी झाली. बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडाचीही चाचणी होती. पंधरा दिवसांनी फोन आला की माझ्या चाचणीत थोडा बदल दिसतोय, पुन्हा या. दोन रात्री मला झोप आली नाही. मग एक छोटी प्रक्रिया झाली, अर्ध्या दिवसात घरी आले. डॉक्टर म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण तसंच राहू दिलं असतं तर काही वर्षांनी होऊ शकला असता." ऑफिसात मी कोणालाच काही सांगितलं नाही.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी लेडीज वॉशरूममधले पॅड भराभर संपायला लागले. महिनाभर पुरणारा डबा आठवड्यात रिकामा. मी मावशीला बोलावलं. "कोणीतरी घरी नेतंय. जरा लक्ष ठेवा." आवाज चढवला नव्हता, पण चारचौघींसमोर बोलले. "ठेवते," ती म्हणाली. नंतरही डबा रिकामाच होत राहिला. मी पॅड कपाटात कुलपात ठेवले आणि जिला हवं तिने माझ्याकडे मागावं असा कागद लावला.

मावशीने कधी मागितलं नाही.

तीन आठवड्यांनी ती पँट्रीत खाली बसली ती उठेचना. युनिफॉर्मची पँट मागून ओली झाली होती. रंग गडद निळा, त्यामुळे ते रक्त आहे हे कळायला मला वेळ लागला. एक टॉवेल गुंडाळला, रिक्षा मागवली आणि तिला सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेले. रिक्षात ती माझ्यापासून होता होईल तेवढी लांब सरकून बसली.

"तुमची साडी खराब होईल, ताई."

तिथली डॉक्टर तरुण होती, शांत. तपासून पडद्याबाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"किती दिवसांपासून अंगावरून जातंय?" मावशी बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"दिवाळीपासून असंल," मावशी म्हणाली. "आधी वाटलं, बंद झालेलं परत चालू झालं. काय काय बायांचं होतं ना तसं."

"वास?"

मावशीने टॉवेल अंगाभोवती आणखी घट्ट ओढून घेतला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "वाढलंय. दोन वर्षांपूर्वी दिसलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ही तपासणी आमच्याकडे फुकट होते, आरोग्य केंद्रातही होते."

बाहेर बाकावर मी मावशीला विचारलं, एवढं होतं तर आधी का नाही आलात?

"केंद्र सकालचं असतं. माजी ड्यूटी सकालची. खाडा केला का सुपरवायझर दुसरी बाई आनतो." जरा थांबून म्हणाली, "आनि आतमंदी बाप्या डागतर असला तर? मना लाज वाटली, ताई."

मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. किरणांचे शेक. मुलगी तान्हं पोर जावेकडे ठेवून उरणहून येऊन राहिली. पहिल्या आठवड्यात मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले. पुढे ऑडिट आलं आणि माझं जाणं फोनवर आलं. शेक पूर्ण झाले, थोडे दिवस बरं वाटलं, आणि पावसाळा संपता संपता दुखणं कमरेत उतरलं. आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच हातात आहे, असं डॉक्टरांनी मुलीला सांगितलं.

एका रविवारी मी पावण्याला गेले. तिची खोली एका वर्कशॉपच्या भिंतीला लागून. सुट्टी असूनही पलीकडे मशीन चालू होतं आणि तिच्या खाटेचा पत्रा बारीक थरथरत होता. ती इतकी बारीक झाली होती की आधी मला तिची थोरली बहीणच वाटली. मुलीने चहा करून दिला आणि ती दुकानात गेली.

"ताई, एक सांगायचं होतं," मावशी म्हणाली. "ते पॅड मीच न्हेत होते."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"चोरायची सवय नाय मना. पन कपडा पुरत नव्हता. आनि तुमच्या तिथं खुर्चीला लागलं असतं तर?"

"मावशी, मी कुलूप लावलं."

"तुमचं कामच हाय ते," ती म्हणाली. रागाने नव्हे. रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिने माझा हात धरून विचारलं, "तुमची तपासनी झालेली ना त्या टायमाला? चांगली आली?"

खरं सांगायचं तोंडाशी आलं होतं. तुमच्यात वाढलं तेच माझ्यात निघालं होतं, मावशी, फक्त वेळेवर निघालं, आणि ते यादीमुळे निघालं, आणि यादी मीच केली होती.

"हो," मी म्हणाले. "चांगली आली."

"देव पावला," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

नवरात्र संपल्यावर आठवड्याने ती गेली. ऑफिसातून अंत्यसंस्काराला आम्ही दोघीच गेलो, मी आणि पँट्रीत चहा करणारी बाई.

त्यानंतर मी वरच्या साहेबांच्या मागे लागले की तपासणीत कंत्राटी बायकाही घ्या. ते म्हणाले, त्या आपल्या पे-रोलवर नाहीत. मी म्हटलं, पण आपल्या मजल्यावर तर आहेत. तीन मीटिंगा झाल्या आणि शेवटी एकदाचं 'बघा तुम्ही' म्हणाले. मी अकरा जणींची नावं यादीत घातली, बाई डॉक्टरच हवी असं कळवलं, आणि त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही हे सुपरवायझरकडून लिहून घेतलं.

अकरातल्या चार जणी आल्या. एकीला पुढच्या तपासणीला पाठवलं. मी बरोबर गेले, सुदैवाने काही निघालं नाही. उरलेल्या सात जणींना मी एकेकीला गाठून विचारलं. कोणी म्हणालं डोकं दुखतंय, कोणी म्हणालं उपास आहे. पँट्रीतल्या बाईने मात्र मला सरळ सांगितलं.

"ताई, मावशी चालती-फिरती होती. तुम्ही तपासायला नेलं, आणि मग ती गेली. आमच्यात सगळ्या असंच बोलतात."

मी तिला समजावलं, रोग आधीपासूनच होता, उशीर झाला म्हणून ती गेली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग ओटा पुसत म्हणाली, "असेल. पण मी नाही येणार."

मावशीच्या मुलीलाही मी दोनदा फोन केला, तू पण तपासून घे म्हणून. दोन्ही वेळा ती "हो, जाते" म्हणाली. तिसऱ्यांदा केला तेव्हा तिने उचलला नाही.