पहिलवानाच्या अर्जावर माझी सही

गडचिरोलीच्या तहसील कचेरीसमोरच्या निंबाखाली परवानाधारक अर्जनवीस म्हणून ही हकीगत घडली तेव्हा मी सतरा वर्षे बसत होतो. माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंतच झाले, हे मी लपवीत नाही. परंतु माझा एक अर्ज वाचून चांद्याच्या एका नामांकित वकिलाने ‘हा मनुष्य कुठे शिकला’ अशी चौकशी केली होती, हेही नमूद करणे भाग आहे. सतरा वर्षांत मी एक नियम कसोशीने पाळला. अर्जनवीस अर्जाखाली लेखक म्हणून सही करतो, साक्षीदार म्हणून कधीही नाही. मजकूर अर्जदाराचा, लेखणी आपली. खोटे निघाले तर ते त्याच्या पदरी. हा नियम मी एकदाच मोडला, आणि तो एका पहिलवानासाठी मोडला.

हा पहिलवान चामोर्शीकडच्या एका धानकरी घरातला. आमच्या झाडीपट्टीतून बाहेरगावच्या कुस्त्यांच्या दंगलींत लढायला जाणारा आणि त्यावरच पोट भरणारा मला माहीत असलेला तो एकमेव माणूस. चांद्याच्या दंगलीत उत्तरेकडच्या एका नावाजलेल्या मल्लाला त्याने ढाकेच्या डावावर चीत केले, तेव्हा मी गर्दीत उभा होतो. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. माझी एक वहाण त्या रेटारेटीत गेली, आणि उरलेली हातात घेऊन मी बिऱ्हाडी परतलो, तरी मला स्वतःच जिंकल्यासारखे वाटत होते. त्याची माझी ओळख त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाली. गुडघा कायमचा गेला होता आणि पोटाची सोय पाहण्यासाठी तो माझ्या चटईवर येऊन बसला होता.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीच्या प्रचाराने आमच्या भागात लाउडस्पीकर आणला. निवडणूक संपल्यावर तो भोंगा दंगलींत वाजू लागला. त्यावर कोणी तरी जोडांची ओळख करून द्यावी आणि डावांचे वर्णन करावे, ही कल्पना माझी. आणि ते काम पहिलवानाने करावे, हीही माझीच. मी वाक्ये लिहून देई, वाचून पाठ करवून घेई. सुरुवातीला त्याने ती म्हटली. पुढे म्हणू लागला, “मुन्शीजी, तुमचं ते ‘सदरहू मल्ल’ तोंडात घोळेपर्यंत कुस्ती सुटून जाते न.”

मग तो आपल्या मनाने बोलू लागला. “पाहा, पाहा, घुसला पटात. वरचा हत्तीवानी हाय, पन पाय पाहा त्याचे, धानाच्या रोप्यावानी हालून राह्यले.” बाजारातल्या बाया टोपली डोक्यावर तशीच धरून ऐकत उभ्या राहत. आखाड्यापासून दूर बसलेल्या, ज्याला काहीच दिसत नाही, त्या माणसालाही कुस्ती दिसे. दोन-तीन वर्षांत त्याच्यावाचून आमच्या बाजूची दंगल होईना. मी कौतुकाने प्रत्येक ठिकाणी जात असे. माझी वाक्ये त्याने टाकली याचा मला विषाद वाटला नाही, कारण त्याला बोलता मी केले, हे मला ठाऊक होते आणि त्यालाही.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच सुमारास गावात सरकारी आखाडा निघणार, त्यासाठी वस्ताद नेमणार, असे कळले. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. माझ्या हातून उतरलेल्या उत्तम अर्जांपैकी तो एक होता. त्यात चांद्याच्या विजयाचे वाक्य मी ठळक अक्षरांत घातले. अंगठा घेण्यापूर्वी अर्ज अर्जदाराला वाचून दाखवावा लागतो. तसा मी दाखवला. त्या वाक्यापाशी तो शाईने काळ्या झालेल्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, “हे राहू द्या न मुन्शीजी बाजूले.”

“अरे, याच वाक्यावर जागा मिळते तुले,” मी म्हटले.

त्याने अंगठा दिला. त्याचे ते म्हणणे मी विनयशीलता समजलो. कचेरीने विचारले की विजयाला प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कोण. इतक्या वर्षांनी चांद्याहून माणूस कुठून आणावा? पाहिले तर मीच होते. सबब मी साक्षीदाराच्या जागी ‘समक्ष पाहिले’ असे लिहून परवाना क्रमांकासह सही केली.

अर्ज तहसीलदारांच्या मेजावर असतानाच चामोर्शीची दंगल आली. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत आखाडा केला होता आणि तहसीलदार साहेब अध्यक्ष होते. त्यांच्या खुर्चीमागे दुसऱ्या रांगेत मी बसलो होतो, आणि त्यांनी पहिलवानाचे बोलणे ऐकावे म्हणून दोनदा त्यांच्या कानाशी वाकलोही. शेवटची जोड नागपूरकडचा एक धिप्पाड मल्ल आणि धानोऱ्याच्या जंगलातला एक तरणाबांड गोंड गडी यांची होती. गड्याने त्या मल्लाला दोनदा उचलले. तिसऱ्यांदा पकड पक्की बसली, आणि गड्याने हात सोडले. आपणहून पाठीवर गेला. पंचाने शिट्टी फुंकली, डफडे वाजले.

भोंगा मात्र वाजला नाही. आम्ही सगळे भोंग्याच्या मचाणाकडे पाहू लागलो. पहिलवान माईक हातात धरून उभा होता. मग तो सावकाश बोलला.

“हे नुरा कुस्ती हाय, भाऊ हो. आंधीच ठरलेली. गडी हरला नाई, त्याले हरवलं हाय. दंगलीच्या ठेकेदारानं सकाळी सांगतलं असन त्याले, हात सोड म्हून. मले कसं मालूम? चांद्याच्या दंगलीत मी ज्याले पाडलं न, त्यालेबी असंच सांगतलं होतं. मी ढाक लावाच्या आंधी तो उडाला. त्या कुस्तीवर मी इतके साल फेटा बांधून फिरलो.”

लोक हसले. कोणी ओरडले, “पहिलवान, फेटा वापस कर.” तोही हसला. तहसीलदार साहेब हसले नाहीत. त्यांनी खुर्चीतून मान वळवली आणि माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या नावाचा पुकारा झाला. साहेबांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला.

“ही सही तुमची?”

“होय, हुजूर.”

“समक्ष पाहिले, असे लिहिले आहे. काय पाहिले?”

अर्ज नामंजूर झाला आणि माझा परवाना सहा महिने तहकूब झाला. ज्या शिपायाच्या मुलाचे अर्ज मी फुकट लिहून दिले होते, त्या शिपायानेच मला परवान्याचा कागद जमा करायला सांगितले.

दुपारी मी निंबाखाली दप्तर आवरत असताना पहिलवान आला. नेहमीप्रमाणे चटईवर बसला.

“परवाना गेला म्हन्ते,” तो म्हणाला.

“गेला. तुले मालूम होतं, काऊन नाई सांगतलं मले?”

“म्हनलं होतं न, हे राहू द्या बाजूले.”

“राहू द्या म्हणजे खोटं हाय, असं कोणी समजन का?”

“तुमी पुसलं कुठी? तुमी लिवून राह्यले होते.”

हे ऐकून माझा संताप अनावर झाला. मी म्हटले, “सारी दंगल ऐकून राह्यली होती, तवा सांगता आलं तुले. माझ्या चटईवर इतकी वर्षं बसला, मले एकट्याले सांगता नाई आलं?”

तो गुडघा चोळू लागला. “लोकाईले सांगाची लाज नाई वाटली मुन्शीजी. तुमाले सांगाची वाटे. तुमी त्या कुस्तीचं असं बोला का मलेबी कधी कधी खरंच वाटे. काल त्या गड्यानं हात सोडले, अन मंग मले राहवलंच नाई. तुमची सही ध्यानात नाई राह्यली.”

ध्यानात राहिली नाही. मी आयुष्यात एकदाच कोणासाठी नियम मोडला, आणि ज्याच्यासाठी मोडला त्याच्या ध्यानात ती सही राहिली नाही. त्याने खरे बोलू नये असे मी आजही म्हणणार नाही. त्या गोंड गड्याला पुढे बरोबरीच्या जोड्या मिळाल्या, असे ऐकले. परंतु त्या खऱ्यात माझ्यासाठी थोडी जागा ठेवता आली असती. दंगलीच्या आदल्या दिवशी त्याने एक शब्द टाकला असता, तर मी स्वतः जाऊन अर्ज मागे घेतला असता.

“जागा गेली तं गेली,” तो म्हणाला. “तुमचा परवाना आला का मंग खरा अर्ज लिवू. फकस्त मले कुस्ती येते, एवढंच लिवा.”

“समोरच्या झाडाखाली दुसरे अर्जनवीस हायेत,” मी म्हटले. “त्याईच्याकडून लिहून घे.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मग उठायला लागला. त्या गुडघ्याने त्याला जमिनीवरून आधाराशिवाय उठता येत नसे, आणि इतक्या वर्षांत प्रत्येक वेळी मी हात देत आलो होतो. मी दौतीचे झाकण लावीत बसलो. तो दोन्ही हात भुईला टेकून, एका बाजूला कलत, हळूहळू स्वतःच उठला.