दवाखान्याच्या कागदावर मी लिहायला लावलेलं खोटं

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या माझ्या शेडमध्ये सात बायका एकापाठोपाठ एक खोटं बोलल्या... माझ्यासाठी. आणि त्यातली एक तर ज्या सुनंदाबद्दल त्या खोटं बोलल्या, तिची सख्खी जाऊ होती.

माझी संत्र्याच्या ग्रेडिंग-पॅकिंगची छोटी शेड आहे. सुनंदा जवळच्या रामाकोना गावाहून कामाला यायची. मशीनवरून फळं सरकत यायची आणि तिचा हात डागी फळ न बघताच बाजूला काढायचा... इतकी सवय.

आंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल जोरात चालू होता तेव्हाची गोष्ट. मशीनच्या चेनवरची, हात जाऊ नये म्हणून असलेली जाळी मीच काढून ठेवायला सांगितली होती. चेन सारखी अडकायची आणि दर वेळी जाळी खोलण्यात वेळ जायचा. एका दुपारी अडकलेलं फळ काढायला सुनंदानं हात घातला आणि चेन फिरली... उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तिला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत मी फोन लावला तो माझी कागदपत्रं बघणाऱ्या काकांना. ते म्हणाले, "शेडचं नाव येऊ देऊ नका. घरी लागलं म्हणून सांगा."

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? सुनंदानं तोंड उघडायच्या आत मीच बोलले. घरी चारा कापायच्या कडबाकुट्टीत हात गेला म्हणून सांगितलं. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं... तिच्याकडे साधी बकरीसुद्धा नाही, कडबाकुट्टी कुठून येणार? पण कागदावर तेच लिहिलं गेलं.

पुढे नागपूरला ऑपरेशन झालं, तो खर्च मी केला. घरी डबे पाठवले. आणि खरं सांगते, त्या दिवसांत मी स्वतःला फार चांगली मालकीण समजत होते. 'आमच्याकडे सगळं घरच्यासारखं आहे' हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल...

माझ्या डोक्यात एकच पक्कं बसलं होतं. दहाच्या आत माणसं असली की आपल्याला कुठला कायदा लागत नाही. म्हणून हजेरीचं रजिस्टर नाही, नेमणुकीचं पत्र नाही, काहीच नाही. हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. सगळेच तसं म्हणायचे, मीही म्हणायचे.

सुनंदाच्या मुलीनं आईच्या भरपाईसाठी लेबर ऑफिसात अर्ज केला. तो कळल्यावर मला राग आला, हेही लिहिते. इतकं केलं आणि हे फळ! मी शेडमधल्या सगळ्या बायकांना बसवून सांगितलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, सुनंदा इथं कामाला नव्हती.

मंगळवारी लेबर ऑफिसच्या मॅडम आल्या. प्रत्येकीला विचारत गेल्या, "सुनंदाबाई यहाँ काम करती थी?" सहाजणींनी मान हलवून नाही म्हटलं. शेवटी रेखा, सुनंदाची जाऊ. दोघी एकाच ऑटोनं यायच्या, एकाच डब्यातून जेवायच्या.

रेखा खाली बघत म्हणाली, "नाही जी. ते कामाले नव्हती इथं."

रोजी जाईल या भीतीनं ती घरच्याच माणसाला नाकारत होती... आणि ती भीती मी घातली होती.

"थी मॅडम," मी म्हटलं. "मेरे यहाँ ही थी. हाथ भी यहीं गया. दवाखाने में मैंने झूठ लिखवाया."

मॅडमनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. मग जे समजावलं ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी विचारलंही नव्हतं. काही नियम माणसांच्या संख्येवर लागतात, बरोबर. पण कामावर माणसाला इजा झाली तर जबाबदारी मालकाचीच, माणूस एक असला तरी. रजिस्टर नसल्यानं मालक सुटत नाही, फक्त कामगाराला सिद्ध करत बसावं लागतं.

मॅडम गेल्यावर मला वाटलं, बायका बरं म्हणतील. रेखा समोर येऊन उभी राहिली. "सांगाचंच होतं त मंग आमच्या तोंडून काऊन वदवलं, ताई?" ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

नोटीस आली आहे, नुकसानभरपाईचं प्रकरण सुरू आहे. ओळखीचे शेडवाले म्हणतात, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. एक-दोघांनी तर नमस्कार करणंही सोडलं. जाळी मात्र त्यांच्याही मशीनवर नाही... पाहून आले.

परवा रामाकोन्याला सुनंदाच्या घरी गेले. माफी मागितली. ती म्हणाली, "ऑफिसाचं ऑफिसवाले पाहतीन. तुम्ही मले एक पत्र द्या. मी तुमच्याकडे कामाले होती, एवढं लिहून."

गाडीत लेटरहेड होतं. तिथंच बसून लिहिलं, सहा वर्षं काम केलं. तिनं डाव्या हातानं कागद धरून नीट वाचला आणि परत दिला.

"सात," ती म्हणाली. "शेडचं छत बी टाकाचं होतं तवापासून आहो मी."

मला आठवतच नव्हतं. मी दुसरा कागद घेऊन पुन्हा लिहिलं. तिनं घडी घालून तो आत नेऊन ठेवला आणि दारात येऊन उभी राहिली, मी निघायची वाट बघत.

आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला कुणी चहा विचारला नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं. बरोबरच केलं तिनं.