गाऱ्हाण्यात तिचं नाव

मैत्रिणींनो, हे मंडळाच्या फळ्यावर मुद्दाम लिहिते आहे, कारण तोंडाने बोलायला गेले तर भांडण होईल.

दर गुरुवारी आपण या खोलीत बायकांची दुःखं ऐकतो. इथलं बाहेर जाणार नाही, असा शब्द आपण सगळ्यांनी ग्रामसेविकाबाईंसमोर दिला होता.

आज सकाळी देवळात गेले, तर गुरव देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालत होता. "बा देवा म्हाराजा," म्हणून त्याने गेल्या गुरुवारी आपल्यापुढे रडलेल्या बाईचं नाव घेतलं, आणि मग तिने दार लावून सांगितलेलं सगळं. जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणत होते. त्यांत तिची सासूही होती.

गाऱ्हाण्यासाठी नारळ ठेवला होता आपल्या मंडळातल्या शालिनीबाईंनी. विचारलं तर म्हणाल्या, "माका तिची दया इली. देवाक सांगितलंय, लोकांक नाय."

देव काय गुरवाने ओरडल्याशिवाय ऐकत नाही?

त्याहून जास्त राग मला तुमचा आलाय. "आपल्यातलीच आसा गो, सांभाळून घे," म्हणत सगळ्या शालिनीबाईंकडे धावलात. त्या बाईकडे कोण गेलं? मी गेले. तिने मला आत घेतलं नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, "देवळात सगळा ऐकलास मा? आता आणि काय ऐकूक इलीस?"

येत्या गुरुवारी ही खोली उघडायची की कुलूप लावायचं? खाली लिहा, आणि स्वतःचं नाव घालून लिहा. तिचं तर सगळ्या गावाने ऐकलंय.