बिचाऱ्याचा रंग

माझ्या नवऱ्याला स्वस्थ बसवत नाही. जेवताना मध्येच उठतात, नळ बंद आहे का बघतात, परत येऊन बसतात. मोठ्या लाँड्रीत उभा जन्म चादरींना इस्त्री करण्यात गेला. मुकादमाचा आवाज चढला की हे मान खाली घालून आणखी भराभर इस्त्री फिरवतात. माणूस म्हणून अगदी गरीब, पण पायाला भिंगरी.

हॉलमध्ये काचेच्या टाकीत त्यांचे सिक्लिड मासे आहेत. दिसायला देखणे, स्वभावाने एकेक नग. त्यातल्या थोराड निळ्याला आम्ही साहेब म्हणायचो, कारण सगळी टाकी त्याच्या बापाची. त्याचा राग निघायचा एका मळकट नरावर; दबलेल्या नराला रंग चढत नाही, असं हे सांगायचे. तो फिल्टरमागे अंग चोरून राहायचा, खायलाही बाहेर येत नसे. त्याचं नावच बिचारा पडलं.

त्या आठवड्यात मुकादम निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी ह्यांची नेमणूक झाली होती. मी खूश, ह्यांचं मात्र तोंड उतरलेलं.

"अहो, झालंय काय?"

"तोही आधी इस्त्रीच करायचा गं. साधा होता म्हणे. मी तसाच झालो तर?"

"तुम्ही? तुम्ही तर मांजर आडवं आलं तरी त्याला सॉरी म्हणता!"

हसले नाहीत. बाह्या सरसावून टाकीत हात घातला. दगड इकडचे तिकडे केले की कुणाचा हक्काचा कोपरा उरत नाही, मग मारामाऱ्या थंडावतात, हा त्यांचा जुना उपाय. त्या आठवड्यात दगड रोज हलले. साहेबाने रोज नवा कोपरा बळकावला आणि बिचाऱ्याची शेपटी कुरतडली. शेवटी वैतागून ह्यांनी साहेबाला जाळीने उचललं आणि छोट्या टाकीत एकटं ठेवलं.

बघता बघता बिचारा निळाशार झाला. मला इतका आनंद झाला, शेजारणीला बोलावून दाखवला. मग एका सकाळी फिल्टरमागे एक मादी दिसली, पर फाटलेले, अंग चोरून बसलेली. बाहेर आली की बिचारा सुसाट तिच्यावर.

"बघितलंस?" हे म्हणाले.

"मासा आहे तो. तुम्ही माणूस आहात." म्हटलं खरं, पण माझ्याच आवाजात दम नव्हता.

मुकादम झाल्यावर पहिल्याच दिवशी ह्या माणसाने काय करावं? लाँड्रीतली सगळी टेबलं हलवली! कुणाची कायमची जागा नको, म्हणजे कुणाची दादागिरी नको. एकाची खिडकी गेली, दुसऱ्याचा पंखा गेला, सगळे ह्यांच्यावर तुटून पडले.

संध्याकाळी आले ते दारातच उभे राहिले.

"ओरडलो आज."

"भांडणाऱ्यांवर ना? बरं केलंत."

"त्यांच्यावर नाही. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यावर. तो एकटाच काही बोलला नव्हता."

"होतं असं कधीकधी," मी चहाचं आधण ठेवत म्हटलं.

"तसं नाही गं. मी ओरडलो आणि सगळे गप्प झाले. आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं."

मला भीती वाटली. ह्यांची नाही, ह्यांच्यासाठी.

"म्हाताऱ्याचं घर माहीत आहे?"

"आहे."

"मग चपला काढू नका," मी म्हटलं, आणि गॅस बंद करून त्यांच्याबरोबर निघाले.